प्रार्थना कुणी म्हणायची?

पुण्यातल्या जुन्या मंडळ्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. तरुण पोरं रविवारी उपासनेला येत नाहीत, कुठल्याशा हॉलमध्ये गिटारवर नाचायला जातात. त्या हॉलमध्ये जा, तर तिथे दुसरी तक्रार तयार असते. जुन्या चर्चमध्ये जीव राहिलेला नाही, नुसतं उठा आणि बसा. दोन्ही तक्रारी मी इतक्यांदा ऐकल्यात की आता दोन्हींचा राग येतो. एकाला ऑर्गन हवा, दुसऱ्याला ड्रम. एकाला सागवानी बाक हवेत, दुसऱ्याला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. वाद्यांवरून आणि लाकूडसामानावरून मंडळ्या फुटताहेत. त्या जागेत तोंड उघडायचा हक्क किती जणांना आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

उपासना मोकळी की बांधलेली, हे मी त्या एका गोष्टीवरून ठरवतो. सतरंजी आहे की खुर्ची, झगा आहे की जीन्स, हे नंतर.

येरवड्यातल्या एका वस्तीत दर गुरुवारी संध्याकाळी कॉटेज मीटिंग भरते. नाव साहेबाचं, कारभार अस्सल वस्तीतला. दहा बाय बाराची खोली, चपलांचा ढीग जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. कॉटवर म्हाताऱ्या, खाली सतरंजीवर बाया आणि पोरं, दारात अर्धे आत अर्धे बाहेर असे कामावरून थेट आलेले पुरुष. ‘उपासना संगीत’च्या दोनच प्रती, त्यातल्या एकीचा पुठ्ठा केव्हाच गेलेला, तिला शाळेच्या वहीचं खाकी कव्हर घातलंय. एक ढोलकी, एक खंजिरी. पहिलं गीत कुठलं, हे आधी ठरलेलं नसतं. ज्याला सुचेल तो नंबर सांगतो, सूर खाली लागला तर कॉटवरची आजी हात वर करून थांबवते आणि पुन्हा सुरू करायला लावते.

गीतं झाली की विनंत्या. नववीतली एक मुलगी त्या एका वहीत लिहून घेते. चार रकाने आखलेत: तारीख, नाव, विनंती, उत्तर. मी ती वही हातात घेऊन वाचली आहे. भावाची दारू सुटू दे. मुलीच्या बाळंतपणाला पैसे पुरू देत. ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार अडकवलाय, तो मिळू दे. चौथ्या रकान्यात कुठे ‘मिळालं’, कुठे ‘वाट पाहतोय’, आणि दोन-तीन ठिकाणी सरळ ‘नाही’. या ‘नाही’पुढे मला मान लववावीशी वाटली. देवाने दिलं नाही हेही जी मंडळी लिहून ठेवते, तिच्या विश्वासाची खोली कुणी मला प्रवचनातून समजावू नये. ठेकेदाराच्या ओळीपुढे ‘मिळालं’ होतं. विचारल्यावर कळलं की प्रार्थनेनंतरच्या शनिवारी दारातल्या पुरुषांपैकी दोघं विनंती करणाऱ्या बाईबरोबर ठेकेदाराकडे गेले होते.

पहिली प्रार्थना करते ती चार घरची धुणीभांडी करणारी बाई. दिवसभरात तिच्या वाट्याला येणारं बोलणं म्हणजे ‘हो ताई’ आणि ‘उद्या लवकर येते’. इथे ती दहा मिनिटं बोलते. नातवाच्या खोकल्यापासून ते पंतप्रधानांना सद्बुद्धी मिळण्यापर्यंत सगळं तिच्या प्रार्थनेत येतं, आणि खोलीतला एक माणूस मध्ये तोंड घालत नाही. पाळक आलेले असले तर तेही कोपऱ्यात बसून इतरांबरोबर ‘आमेन’ म्हणतात. हीच बाई रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर असते. पुस्तकात छापलेल्या ओळी इतरांबरोबर म्हणते, अर्पण टाकते, घरी जाते. दीड-दोन तासांत तिच्या तोंडून स्वतःचं म्हणून एक वाक्य निघत नाही. कुणी मागतच नाही.

आता हॉल. नगर रस्त्यावर, बाणेर-बालेवाडीकडे, हिंजवडीच्या वाटेवर अशा सभा आता रविवारी सकाळी हॉटेलांत आणि बँक्वेट हॉलांत भरतात. त्यांतल्या मोठ्या सभांमध्ये भिंतीला काळे पडदे, स्टेजवर निळे-जांभळे दिवे, पडद्यावर रोमन लिपीत गाण्याच्या ओळी. गाणी बरीचशी सिडनीच्या हिलसाँगची, नाहीतर कॅलिफोर्नियातल्या बेथेलची. स्टेजवर सहा जण गातात, त्यांच्या हातात माइक. खाली अंधार. सहाव्या रांगेत उभ्या असलेल्या पोराचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानालाही येत नाही. मग जीन्स घातलेला वक्ता पाऊण तास बोलतो. कॉफी असते, मिठ्या मारल्या जातात, सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. एवढं सगळं सैल असून बोलणारा शेवटी एकच. दगडी चर्चच्या वेदीवर निदान चार माणसं आळीपाळीने वाचन करतात. या हॉलला मोकळी उपासना म्हणायला मी तयार नाही. हा जुनाच कारभार आहे, कपडे बदललेला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. नागालँडहून, केरळातून, विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या एकट्या पोराला पुण्यात पहिलं ‘जेवलास का?’ विचारणारी माणसं बऱ्याचदा तिथे भेटतात. जुन्या मंडळीत त्याला कुणी ओळखत नाही, आणि कुणी ओळख करून घेतही नाही. आठवड्याच्या मधल्या वारी हीच मंडळी आठ-दहा जणांच्या गटाने कुणाच्या तरी फ्लॅटवर जमतात, तिथे माणसं खरोखर बोलती होतात. तो फ्लॅट आणि येरवड्यातली खोली ही सख्खी भावंडं आहेत. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, ही पुण्याच्या ख्रिस्ती समाजाची शोकांतिका आहे.

घराघरांतल्या या सभा म्हणजे परदेशातून आलेलं खूळ, असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आधी आपलं बायबल उघडावं. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात पौल त्याच्या घरातल्या मंडळीला सलाम सांगतो. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी मंडळी जमत असे, हेही पौलानेच लिहून ठेवलंय. सीरियात दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं एक राहतं घर उत्खननात सापडलं, उपासनेसाठी भिंती पाडून मोठं केलेलं. मनोरे आणि घंटा नंतर आल्या. तेवढं लांब जायचं नसेल तर सोलापूरच्या गाडीत बसून केडगावला उतरावं.

केडगावचं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. विसावं शतक उजाडलं तेव्हा तिथे दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते. १९०५च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितलं आणि त्या वर्षी जूनअखेरीस ते घडलं. मुली एकाच वेळी, मोठमोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. कुणी रडत होती, कुणी आपली चूक सगळ्यांसमोर सांगत होती, कुणी गात होती. वर्गांचं वेळापत्रक बाजूला पडलं. शेकडो जणी एकाच वेळी बोलताहेत आणि क्रम कुणी लावत नाही, हे शिस्तीच्या उपासनेत वाढलेल्या गोऱ्या मिशनऱ्यांतल्या अनेकांना रुचलं नाही. गोंगाट आहे, उन्माद आहे, अशी टीका झाली.

रमाबाईंनी त्या गोंगाटाची बाजू घेतली. हे नीट समजून घेतलं पाहिजे. ही बाई संस्कृतची पंडिता. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८मध्ये तिला ‘सरस्वती’ म्हटलेलं. सभा गाजवण्याची ताकद तिच्या एकटीत होती. मुलींना गप्प बसवून स्वतः बोलणं तिला सहज जमलं असतं. तिने उलट केलं. इंग्लंडात १८८३मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींशी तिचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला होता, मुद्दा हाच होता की माझ्या सद्सद्विवेकावर तुमचा अधिकार चालणार नाही. जो हक्क तिने स्वतःसाठी भांडून मिळवला तोच वीस वर्षांनी दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींना दिला. हिंदी माणसांनी आपल्या पद्धतीने का प्रार्थना करू नये, असा तिचा टीकाकारांना सवाल होता.

ज्या विधवेने सासरच्या घरात मान वर करून बोलायचं नाही, जिच्या सावलीचाही विटाळ, ती शंभर जणींत उभी राहून देवाशी भांडते आहे. त्या आवाजात किती वर्षांचं साठलेलं होतं, याचा अंदाज गोंगाट म्हणणाऱ्यांना कसा यावा? मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रॅम्स यांनी या अनुभवावर १९०६मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती त्यांच्या मैत्रिणीकडे, चिली देशात पोचली, आणि १९०९मध्ये वालपाराइसो शहरात जी मोठी पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झाली तिची एक ठिणगी त्या पुस्तिकेची होती. आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावातून जगाला गेलेली गोष्ट आज आपल्याच हॉलांत सिडनीचा शिक्का मारून परत येते. आपण ती आयात केली असं दोन्ही बाजू मानतात. एक बाजू कौतुकाने, दुसरी संतापाने.

पण म्हणून बाक मोडून टाका, असं म्हणणाऱ्यांच्या मागे मी जाणार नाही. इथे मला जुन्या चर्चची बाजू घ्यायची आहे, मनापासून.

पुण्यातल्या मराठी प्रोटेस्टंट घरांपैकी पुष्कळांची मुळं नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर-संगमनेर-राहुरीकडे, नाहीतर जालन्याकडे आहेत. त्यांचे पणजोबा महार-मांग वाड्यातले. गावात चावडीच्या पायरीवर बसायची सोय नव्हती, देवळाच्या आत जायचा प्रश्नच नव्हता. त्या माणसाने मिशनच्या चर्चमध्ये पहिल्यांदा पाठ टेकून बाकावर बसून पाहिलं. पुढच्या दाराने आत गेला, धुतलेले कपडे घालून, आणि मास्तर बसला त्याच उंचीवर बसला. ही उंची फार मोठी गोष्ट होती. आजही येरवड्यातली ती बाई ज्या घरांत काम करते तिथे जमिनीवर बसूनच चहा पिते, कपही वेगळा असतो काही ठिकाणी. तिने रविवारी बाकावर बसायचं ठरवलं तर तिला सतरंजीचं अध्यात्म शिकवायला जाऊ नये. घरी सोफा असणाऱ्याला जमिनीवर बसणं हा साधेपणा वाटतो. ज्यांच्या सात पिढ्या जमिनीवर बसल्या त्यांच्यासाठी बाक हा मान आहे. इस्त्रीची साडी, पाळकाचा झगा, घंटा, लग्नाची मिरवणूक, या सगळ्या औपचारिकपणात तो मान भरलेला आहे, आणि त्यावर हसणाऱ्या फ्लॅटवाल्यांना त्याची किंमत मोजावी लागलेली नाही.

ही गोष्ट सतरंजीच्या थोर पुरस्कर्त्यांनाही नेहमी कळली असं नाही. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने १९२२मध्ये ख्रिस्त प्रेम सेवा संघ काढला. खादी, अनवाणी पाय, जमिनीवरची बैठक, भारतीय वळणाची उपासना. पुढे संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. १९२७मध्ये ऑक्सफर्डचा व्हेरियर एल्विन तिथे दाखल झाला, आणि १९३२च्या सुमारास शामराव हिवाळे या मराठी सोबत्याला घेऊन गोंडांच्या गावात निघून गेला. त्याच जागी १९७२पासून कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी एकत्र आश्रम चालवला. त्यातल्या अँग्लिकन भगिनी वाँटेजच्याच पंथाच्या, ज्यांच्याशी रमाबाई भांडल्या होत्या! समई लावून, हात जोडून, उपनिषदं आणि बायबल शेजारी ठेवून प्रार्थना. या लोकांबद्दल मला अपार आदर आहे. पण तिथे येणारे बहुतेक शिकलेले, वाचलेले. वस्तीतला ख्रिस्ती माणूस तिकडे फारसा फिरकला नाही, कारण ज्या समईपासून त्याच्या पणजोबाला हाकललं होतं तिच्यापुढे बसण्यात त्याला आपलेपणा कसा वाटावा?

दोन्ही टोकं ज्याला कळली असा एक माणूस होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळक जन्माने कोकणस्थ ब्राह्मण, १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला, नंतरची वर्षं नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. नगरला ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा त्यांच्या आधीच पडली होती, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ती रुजवली. टिळकांनी त्यात आपलं कवित्व ओतलं आणि शेकडो भजनं, अभंग मंडळीच्या तोंडी दिले. त्यांनी कीर्तनच का धरलं? कीर्तनात श्रोत्याला गप्प बसता येत नाही. बुवा थांबले की पालुपद श्रोत्याने उचलायचं, टाळ्या त्याने धरायच्या, गजरात त्याने सामील व्हायचं. ज्याला अक्षरओळख नाही तोही दुसऱ्या कडव्याला गात असतो. पुस्तक उघडून वाचायच्या उपासनेत निरक्षर माणूस आपोआप मुका होतो. हे शहाणपण या मातीतल्या वारकऱ्यांनी कमावलेलं होतं आणि टिळकांनी ते न लाजता घेतलं.

१९१७मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे या दरबारात भाऊ-बहीण. परदेशी मिशनचं कुंपण मध्ये आहे तोवर आपली माणसं ख्रिस्ताकडे परक्याचा देव म्हणून बघणार, हे त्यांचं दुःख होतं. पत्नी लक्ष्मीबाईंना या वैराग्याची झळ किती बसली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. पदरी पैसा नाही, पाहुण्यांची मात्र रीघ. ९ मे १९१९ला टिळक गेले आणि दरबाराचा कणाच मोडला. जेमतेम दोन वर्षं मिळाली.

त्यांची गीतं मात्र ‘उपासना संगीत’मध्ये राहिली. आणि आता जे चाललंय ते मला बघवत नाही. ढोलकी-झांजांवर, उभं राहून, डोलत म्हणायची भजनं आपल्या जुन्या मंडळ्यांमध्ये बाकावर बसून, पुस्तकात नाक खुपसून, ऑर्गनच्या संथ लयीत म्हटली जातात. लोणच्याची बरणी फडताळात जपून ठेवावी आणि जेवताना कुणाला वाढूच नये, असा प्रकार. हॉलवाल्यांनी तर टिळकांचं नावच ऐकलेलं नाही. मराठी घरातली पोरं, आजीच्या तोंडून ज्यांनी ती भजनं ऐकली, ती इंग्रजी गाण्यात आपला देव शोधताहेत. महाराष्ट्रात अनौपचारिक ख्रिस्ती उपासनेचं बांधीव, तालबद्ध, सगळ्यांना बोलतं करणारं रूप शंभर वर्षांपूर्वी तयार झालेलं असताना. ते आज जिवंत दिसतं ते गुरुवारच्या खोलीत, त्या खंजिरीवर.

आता घरी आणि हॉलमध्ये जमणाऱ्यांना काही कडू गोष्टी.

पहिली पैशाची. दशांश घेता ना? मग हिशेब कुठे आहे? भिंतीवर लावलेला क्यूआर कोड पास्टरच्या किंवा त्यांच्या पत्नीच्या खात्याचा असेल तर ती मंडळी नाही, ते दुकान आहे. न्यास नोंदवा, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्या, आणि कागद सभासदांपुढे ठेवा. जुन्या मंडळ्यांच्या मालमत्तेची भांडणं कोर्टात आहेत हे मला माहीत आहे. पण भांडायला तरी तिथे समिती आहे, सभासदांची यादी आहे, मतदान आहे. तुमच्याकडे एका माणसाचा शब्द आहे.

दुसरी आजाराची. प्रार्थना करा, रात्रभर करा. पण रक्तदाबाची गोळी बंद कर, इन्सुलिन घेऊ नको, तुझा विश्वास कमी पडतोय, असं जो सांगतो त्याला त्याच क्षणी खोलीबाहेर काढा. मदत देताना तिला अट जोडणाऱ्यालाही. फीचे पैसे दिले म्हणून कुणी गुरुवारी यायला बांधील होत नाही.

तिसरी लग्नाची आणि मरणाची. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायचा अधिकार प्रत्येक ‘पास्टर’ म्हणवणाऱ्याला नाही. दीक्षित धर्मगुरू, परवानाधारक धर्मसेवक किंवा विवाह निबंधक लागतो. फ्लॅटमध्ये लागलेल्या लग्नाचा कागद पासपोर्ट काढताना उपयोगी पडत नाही तेव्हा मुलीकडच्यांचे चेहरे बघवत नाहीत. आणि माणूस गेला की काय? दहा वर्षं ज्या चर्चकडे पाठ फिरवली त्याच चर्चच्या ऑफिसात रात्री अकराला फोन जातो, दफनभूमीत जागा द्या म्हणून. समिती वर्गणीच्या पावत्या मागते. प्रेत घरात, आणि बाहेर पावत्यांवरून वाद. हे मी पाहिलं आहे, आणि त्या रात्री मला दोन्ही बाजूंची लाज वाटली. पावती मागणाऱ्याने सकाळपर्यंत थांबायला हवं होतं. गट चालवणाऱ्याने आपल्या म्हाताऱ्या सभासदांना हे कधीतरी जिवंतपणी सांगायला हवं होतं.

आणि शेजाऱ्यांचं. ३० ऑगस्ट २०००ला सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईच्या एका फुल गॉस्पेल चर्चच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की शेजाऱ्यांची शांतता मोडून भोंगे लावून किंवा ढोल बडवून प्रार्थना करा, असं कुठलाही धर्म सांगत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. घरातल्या सभेला स्पीकर लागतोच कशाला? देवाला ऐकू येतं.

शेजाऱ्यांनीही ऐकावं. याच पुण्यात ऑक्टोबर १८९०मध्ये पंचहौद मिशनच्या एका सभेत शहरातल्या नामवंत हिंदूंनी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतला, जातीच्या नियमाने तो निषिद्ध. न्यायमूर्ती रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापवून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी आयोग बसला, आणि १८९२मध्ये रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपासाठी! आज त्या चहाची गोष्ट सांगितली तर तुम्ही हसता. पण वरच्या मजल्यावर आठ माणसं डोळे मिटून बसली म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘धर्मांतर चालू आहे’ असा मेसेज टाकणारे तुम्हीच आहात. तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण, पहिल्यावर गुरुवारचं पारायण, तळमजल्यावर जिना अडवून गणपती, हे सगळं पुण्याचं वैभव आहे आणि मला ते आवडतं. चौथ्या मजल्यावरची प्रार्थना तेवढी कट कशी होते? राज्यघटनेचा अनुच्छेद २५ श्रद्धेचं स्वातंत्र्य देताना मजला विचारत नाही. शंका असेल तर बेल वाजवा, आत जाऊन बसा, चहा मिळेल. पोलिसांना बोलावून त्या घरातल्या शाळकरी पोरीच्या विनंत्यांच्या वहीची पानं उलटायला लावणं, हे पुण्याला शोभत नाही.

काही जुन्या मंडळ्यांत सभासदांना बजावलं जातं की घरोघरच्या सभांना जाऊ नका. असं बजावणाऱ्या पाळकांनी एका गुरुवारी स्वतः जाऊन बसावं. संदेश द्यायला नको, ऐकायला. मग महिन्यातल्या एका रविवारी प्रवचन वीस मिनिटांनी कमी करावं आणि शेवटच्या तीन बाकांवरच्यांना साक्ष द्यायला पुढे बोलवावं. टिळकांचं भजन त्या दिवशी ढोलकीवर व्हावं, उभं राहून. हॉलवाल्यांनी स्टेजवरचे दिवे घालवून खालचे लावावेत आणि माइक रांगांमधून फिरू द्यावा. पहिल्या रविवारी कुणी बोलणार नाही. सवय नाही कुणाला. म्हणून लगेच बँड सुरू करायचा नाही.